शिडीवर आडव्या मंडळाचा आक्षेप

टॉडमॉर्डन, मंगळवार
(निदान पत्राला सुरुवात केली तेव्हा तरी मंगळवार होता)

प्रिय माल्कम,

तुला, पॉलीनला आणि ब्रायनीला आडव्यानेच सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढताना बोलत नसेल आणि पॉलीनच्या टोमॅटोंना यंदा तरी लाल व्हायची बुद्धी झाली असेल, अशी आशा करते. मी आहे तशीच आहे. तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, तेव्हा पुढचं सगळं आदर राखूनच लिहीन म्हणते. नाहीच राखता आला, तर तो तू पाठवलेल्या कात्रणाचा दोष समज.

कात्रण पोचलं. "दीर्घ थकव्यावर अखेर उतारा! दहांतले सहा रुग्ण ठणठणीत!" आणि खाली डोंगरमाथ्यावर हात पसरून उभी असलेली एक गोरीगोमटी तरुणी. (ही रुग्ण नव्हे. आमच्या आजाराच्या बातमीत रुग्णाचा फोटो कधीच नसतो, कारण बंद पडद्याआडच्या काळोखात फोटो येत नाही.) गेल्या एकोणीस वर्षांत तू मला किती उतारे पाठवलेस, आठवतंय का? थंड पाण्याची आंघोळ, बिटाचा रस, दातांतलं जुनं चांदीचं भरण काढून टाकणं, पाव सोडणं, मग दुसऱ्या एका कात्रणात पुन्हा पाव धरणं, आणि जमिनीवर कागदाचे गोल मांडून त्यांत उभं राहून आजाराला "चालता हो!" म्हणून ओरडायचा तीन दिवसांचा वर्ग. तो वर्ग मी वाढदिवसाची भेट म्हणून निमूट केला. आजार काही चालता झाला नाही, माझा आवाज मात्र आठवडाभर बसला. हे सगळं मी हसून सोडून दिलं, कारण प्रयोग माझ्यावर चालला होता. या वेळी कात्रणाबरोबर तुझी चिठ्ठीही होती. ब्रायनीला गेल्या शरद ऋतूत घशातल्या गाठींचा ताप आला तेव्हापासून ती उठलेली नाही, शाळा बुडली, आणि तुम्ही उभयतांनी तिचं नाव येत्या सोमवारपासून 'शिडी' उपचाराला घातलंय. दर आठवड्याला व्यायामाची एक पायरी वर, त्रास झाला तरी थांबायचं नाही, सहा महिन्यांत पोरगी बरी. माल्कम, मी तिची आत्या आहे आणि तुला हात जोडून सांगते, तिला सोमवारी नेऊ नकोस. का, ते सांगायला हे पत्र. जरा लांबेल.

(बुधवार. काल एवढं लिहून झोपले.)

तुला वाटतं मी दिवसभर छताकडे बघत असते. तसं नाही, मी एका मंडळाची सभासद आहे. आम्ही तिघंच, सगळी याच दुखण्याची आणि याच खोऱ्यातली. एक इड्रिस प्रॉसर, मूळचा वेल्सचा, हॅलिफॅक्सच्या बस आगारात बावीस वर्षं वेळापत्रकं तपासायचा. दुसरी रोझलिंड टॅटरसॉल, शाळेत गणित शिकवायची, आता कानांत बोळे घालून आणि डोळ्यांवर पट्टी लावून पडून असते. तिसरी मी. इड्रिसने मंडळाचं नाव 'आडवं मंडळ' ठेवलंय. तुझ्या कात्रणातल्या बातमीमागे प्राध्यापक फॅनशॉ यांचा अडतीस पानी शोधनिबंध आहे. बातमी लिहिणाऱ्याने तो वाचलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. आम्ही वाचला. आमच्यातल्या कुणालाही एका दिवशी एका पानापलीकडे वाचवत नाही, म्हणून पानं वाटून घेतली. इड्रिस एक डोळा मिटून कोष्टकं वाचतो. रोझलिंडला तिची बहीण हळू आवाजात वाचून दाखवते आणि ती डोक्यातल्या डोक्यात भागाकार करते. तळटिपा माझ्याकडे, कारण भूगोलाच्या शिक्षिकेला बारीक अक्षराची भीती नसते. पाच आठवडे लागले. तेवढ्यात फॅनशॉसाहेबांना तीन पारितोषिकं मिळाली.

आता नीट लक्ष दे. रुग्ण किती धडधाकट आहे हे मोजायला त्यांनी चाळीस गुणांची प्रश्नावली केली. पूर्ण चाळीस म्हणजे तुझ्यासारखा, दर रविवारी डोंगर चढणारा. नवव्या पानावर म्हटलंय, सव्वीस किंवा त्याहून कमी गुण असलेला माणूस प्रयोगात घेण्याइतका आजारी. ते पान इड्रिसकडे होतं. एकतिसाव्या पानावर म्हटलंय, चोवीस किंवा त्याहून जास्त गुण पडले की माणूस बरा झाला. ते रोझलिंडकडे होतं. दोन्ही पानं एकाच डोक्यात नव्हती, म्हणून दोन आठवडे आम्ही सुखात होतो. मग एका दुपारी आमचा तिघांचा फोन चालू असताना इड्रिस सहज म्हणाला, "सव्वीसवाला आजारी, एवढं पक्कं हं." रोझलिंड म्हणाली, "पक्कं कसलं? माझ्या पानावर चोवीसवाला बरा आहे."   मग इड्रिस म्हणाला, "म्हणजे बाई, मी सव्विसाला आजारी म्हणून आत शिरलो, यांच्या शिडीवरून घसरून चोविसावर आलो, तर मी बरा?" रोझलिंड म्हणाली, "हो. जिना चढता न येणारा बरा." "आणि पंचवीसवाला?" "तो एकाच वेळी दोन्ही," ती म्हणाली, "त्याने सकाळी औषध घ्यावं आणि संध्याकाळी पेढे वाटावेत!" त्या दिवशी हसल्याबद्दल आम्ही तिघंही चार दिवस पडून होतो.

बरं, म्हटलं, आपलीच चूक असेल. आपण काय, आडवी माणसं. माहितीच्या अधिकाराखाली विद्यापीठाला सभ्य शब्दांत अर्ज केला. विचारलं, की प्रयोगाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलं होतं, तर शेवटी लावल्यावर पावलं किती वाढली? उत्तर आलं, शेवटी यंत्र लावलंच नाही, कारण रुग्णांना त्याचं ओझं झालं असतं. माल्कम, ते यंत्र कोंबडीच्या अंड्याएवढं असतं! रोज अर्धा तास चालवताना ओझं नाही, किती चाललो हे मोजायचं म्हटलं की ओझं? दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर आलं की आमचे अर्ज हा छळ आहे. त्याच आठवड्यात फॅनशॉसाहेबांनी रेडिओवर सांगितलं, की या रुग्णांची आक्रमक संघटना आहे आणि संशोधकांना यांची भीती वाटते. भीती! ज्या रोझलिंडला केस धुवायचे तर दोन दिवस आधी तयारी लागते, तिची! कुणी मला आळशी म्हटलं तर मी ऐकून घेते, घरातच सवय झालीय (तुझं नाव घेत नाही). पण बेरीज चुकलेल्याने बेरीज तपासणाऱ्याला गुंड म्हणायचं, हा कुठला न्याय? उपचाराने कुणीच बरं होत नाही, असं माझं म्हणणं नाही. इड्रिसच्या गल्लीतली एक बाई खरंच बरी झाली, देव तिचं भलं करो. मी एवढंच म्हणते, सहा जण बरे झाले म्हणता ना, मग त्या सहा जणांना चालवून दाखवा.

(गुरुवार. हात भरून आला होता. आता शिसपेन घेतलीय. पेन आडव्याने चालत नाही.)

मग आम्ही ठरवलं, समोरासमोर विचारायचं. गेल्या महिन्यात लीड्सला साहेबांचं जाहीर व्याख्यान होतं. रोझलिंडने एकच प्रश्न निवडला, चोवीस आणि सव्विसाचा. तीन आठवडे तो घोकला. आधीचे दहा दिवस कुणाशी बोलली नाही, आवाज शिल्लक राहावा म्हणून. माझ्या शेजारच्या डेनिसची नळदुरुस्तीची व्हॅन आहे, तिच्यात गादी टाकून आम्ही दोघी आडव्या, मध्ये तांब्याचे पाइप, आणि पुढे डेनिसशेजारी इड्रिस, मान मागे टाकून. व्याख्यान छान झालं. म्हणजे आवाज छान होता. शेवटी साहेब स्वतः खाली उतरले आणि चाकाच्या खुर्चीतल्या रोझलिंडपुढे वाकले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, अगदी सज्जन चेहऱ्याचे गृहस्थ. तिचा हात हातात घेऊन विचारलं, "कशा आहात आपण?" आणि आमची रोझलिंड, तीन आठवडे प्रश्न घोकलेली रोझलिंड, म्हणाली, "अगदी छान, धन्यवाद. आपण कसे आहात?"

तिचा काय दोष? तुझ्यामाझ्यासारखीच वाढली ती. आपल्याकडे माणूस तिरडीवर असला तरी कुणी विचारलं तर "तसं बरं चाललंय" म्हणतो. आपले वडील घर जळालं त्या दिवशी शेजाऱ्याला "जरा गरम होतंय" एवढंच म्हणाले होते. साहेब सरळ झाले, सभागृहाकडे वळून गोड हसले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इड्रिसकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता. वर साहेब त्याच्यासमोरून जाताना "फार सुरेख बोललात," म्हणाला. आणि मी? मी त्यांना चहाबरोबर बिस्किटांची बशी पुढे केली.  परत येताना व्हॅनमध्ये, हॅलिफॅक्सचा चढ लागल्यावर इड्रिस शिव्या द्यायला लागला, वेल्श भाषेत, म्हणजे कुणाचं मन दुखवायला नको. रोझलिंड रडत होती. मला इतका संताप आला होता की डोकं फुटेल असं वाटलं. त्या माणसाचा नाही, आमचाच. त्याच्या सगळ्या प्रश्नावलीत "तुम्हाला कसं वाटतं?" हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय, माल्कम. आणि विचारलंय इंग्रज माणसांना! त्यांनी काय उत्तर दिलं असेल, ते तूच सांग.

तेव्हा दहांतले सहा ठणठणीत या वाक्यावर विश्वास टाकून पोरीला त्या शिडीवर चढवू नकोस. तुझा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. बाप म्हणून हातावर हात ठेवून बसवत नाही, तेही कळतं. पण या आजारात नुसतं पडू देणं हेसुद्धा काहीतरी करणंच आहे, आणि मला तर त्याहून कठीण काम माहीत नाही. सगळ्यांना यथायोग्य नमस्कार.

तुझी बहीण,
लॉरेन

ता. क. लिंबाच्या मुरंब्याची बाटली मिळाली. उत्तम होता. (खरं सांगायचं तर बुरशी आली होती. आजपासून खरं सांगायचं ठरवलंय, म्हणून लिहिलं.)

ता. क. २. मग हेही सांगते. त्या दहांतल्या सहांत मी आहे. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी हवापालटाला स्कारबरोला गेले असं तुला कळवलं होतं, ते खोटं. मी फॅनशॉसाहेबांच्या प्रयोगाचे शेवटचे आठवडे उरकत होते. एकही पायरी चुकवली नाही, तुझ्यापुढे बरी होऊन उभं राहायचं होतं. मला व्यायाम शिकवणारी कर्स्टी म्हणून चोवीस वर्षांची मुलगी होती, लाघवी, दर वेळी घरून ओटचे केक करून आणायची. शेवटच्या दिवशी तिने फॉर्म पुढे ठेवला आणि इतक्या आशेने बघत राहिली, की मी "पुष्कळ बरं वाटतं" वर खूण केली. तिला वाईट वाटू नये म्हणून. मार्चमध्ये तू येऊन माझा पलंग वरून खालच्या खोलीत आणून दिलास, आठवतंय? छत गळतं म्हणाले होते मी. छत ठणठणीत आहे. त्या फेब्रुवारीपासून मला जिना चढता आलेला नाही. माझी खूण पुसा म्हणून विद्यापीठाला लिहिलं. ते म्हणतात, निकाल जाहीर झालाय, आता बदल होत नाही.

ता. क. ३. शुक्रवार. डेनिस पत्र टाकायला उभा आहे, म्हणून घाईत. पॉलीन परवा फोनवर म्हणाली की ब्रायनी शिडीला आनंदाने तयार आहे. पॉलीन दुकानात गेल्यावर ब्रायनीने मला फोन केला. अंथरुणातून, कुजबुजत. म्हणाली, "आत्या, मला नाही जमणार गं, मला आंघोळीनंतरसुद्धा दोन तास पडावं लागतं. पण डॅडींनी केवढी धावपळ केलीय, त्यांना नाही कसं म्हणू? तू त्यांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल." मी तिला "बरं, नाही सांगत" म्हटलं. माल्कम, मी तो शब्द मोडला. तुला वाईट वाटू दे.