जीपवरचा पुकारा

अण्णा, काल मी भर वर्गात तुमच्या आवाजात ओरडले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, पण ही गोष्ट बापाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. दहावीच्या इतिहासात मनोरंजनाच्या माध्यमांवर एक धडा आहे. आधी मूकपट, मग बोलपट, मग रंगीत सिनेमा. दरवर्षी मी तो एका तासात उरकते. काल मात्र मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मोबाईल नव्हते तवा पिच्चर आलाय हे लोकायला कळायचं कसं?" मी खडू खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मला कळायच्या आत आवाज निघून गेला होता, "आज, आज, आज! आपल्या गावात, आपल्या तंबूत!" शेजारच्या वर्गातले सर धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

तेव्हापासून डोळ्यांसमोर कुंभार पिंपळगावचा बाजाराचा दिवस आहे. टुरिंग टॉकीजचा तंबू गावाबाहेर मोकळ्या रानात लागलाय. जीपच्या टपावर भोंगा, दोन्ही अंगांना पोस्टर, आणि ड्रायव्हरशेजारी माइकला रुमाल गुंडाळून तुम्ही. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या दुपारी यायच्या आणि तुम्हाला सकाळीच निघावं लागायचं, म्हणजे ज्याचं कौतुक करायचं तो सिनेमा तुम्ही पाहिलेलाच नसायचा. नुसत्या पोस्टरवरून तुम्ही अख्खी गोष्ट उभी करायचात. वडीगोद्रीला सडकेवरच्या ट्रकवाल्यांसाठी तो सिनेमा तुफान मारामारीचा असायचा आणि बाजारातल्या बायकांसाठी तोच सासू-सुनेचा, "येताना दोन रुमाल आणा माय-बहिणींनो!" मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं, "अण्णा, खोटं कशाला बोलता?" तुम्ही म्हणालात, "खोटं न्हाई बाई. त्यात समदंच असतंय. ज्याला जे पायजे, ते मी त्याला पहिले सांगतो." आपल्याकडच्या सिनेमावर मी पुढे पुष्कळ वाचलं. याहून खरं कुणी काही लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही.

पण एकदा तुमची चांगलीच फजिती झाली. पोस्टर फाटकं आलं होतं. उरलेल्या तुकड्यावर देवळाची घंटा आणि हात जोडलेली एक बाई, एवढंच. तुम्ही बिनधास्त धार्मिक चित्रपट म्हणून पुकारलंत. म्हाताऱ्या बायका हळद-कुंकू आणि नारळ घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसल्या आणि पडद्यावर दरोडेखोर आले. तुम्ही तंबूच्या मागे जाऊन लपलात. एकही बाई उठली नाही. खेळ सुटल्यावर एका आजीनं तुम्हाला हुडकून काढलं. तुम्ही हात जोडायच्या आत ती म्हणाली, "देव काय दिसला न्हाई बाबा, पर घोडे लई गुणाचे होते." आणि नारळ तिनं तुमच्याच हातात ठेवला. आईनं त्याची चटणी केली, आणि जेवताना तुम्हाला हसून हसून ठसका लागला.

पुढे व्हिडिओ आला, घरोघर टीव्ही आले, तंबू उठला. जीप तीच राहिली. तुम्ही लसीकरणाच्या तारखा पुकारू लागलात, सभांच्या वेळा, जत्रेत हरवलेली लेकरं. आसपासची गावं तुमचा आवाज ओळखायची, आणि नेमकी तेव्हाच मला त्या आवाजाची लाज वाटायला लागली. बी.एड.च्या होस्टेलवर कुणी विचारलं, की वडील काय करतात, तर मी सांगायची, खाजगी नोकरी. सासर मिळालं जालन्याचं, सगळे शिक्षक. लग्नाच्या चार दिवस आधी तुम्ही चुलीपाशी भाकरी खात बसला होतात. मी म्हणाले, "अण्णा, लग्नात माइकला हात लावायचा न्हाई."

"दोन शब्द बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

तुम्ही आईकडे पाहिलंत, ताट पुसून घेतलंत आणि म्हणालात, "बराबर हाय. नवरीचा बाप हाय मी, भोंगा थोडाच हाय."

लग्नात माइक होता नवऱ्याच्या मामांकडे. त्यांनी निम्मा वेळ "हॅलो, हॅलो" करण्यात घालवला आणि उरलेल्या वेळात पाहुण्यांची नावं मोडून ठेवली. तुम्ही फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे, येईल त्याला नुसता नमस्कार. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. तुम्ही जवळ आलात, माझ्या कानाशी वाकलात आणि अगदी हळू म्हणालात, "आज, आज, आज! आमच्या घरात बावीस वर्षं तुफान गर्दीत चाललेला खेळ आजपासून जालन्यात! बाया-माणसायला बसायची येगळी सोय!" मग दोन्ही तळवे पुढे करून दाखवलेत. "बघ, माइक न्हाई हातात." मी इतक्या जोरात हसले की रडणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमची सून खिदळतच घरात आली.

तर काल पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि ती पोरगी म्हणाली, "मॅडम, हे कुठं शिकलात?" शेजारचे सर अजून दारातच होते. स्टाफरूममध्ये त्यांनाही मी खाजगी नोकरीच सांगितलेली. मी त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या वडिलांकडून. ते सिनेमाच्या जीपवर पुकारा करायचे." सांगून टाकलं आणि काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! मग अख्खा तास तुमच्यावरच गेला. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून लोकांना गोष्ट समजावणारा एक माणूस असायचा, हेही मी सांगितलं. म्हटलं, माझे वडील त्यातलेच. फक्त ते सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सांगून मोकळे व्हायचे. घोड्यांच्या किश्शावर तर सर दाराला टेकून हसत होते. धडा तसाच राहिला. उद्या घेईन.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. लग्नाच्या दिवशी माइक खरखरला, की दर वेळी मी मुंडावळ्या बाजूला सारून तो कुणाच्या हातात आहे ते बघत होते. वाटत होतं, निदान आजच्या दिवस तरी तुम्ही माझं ऐकणार नाही.