वाळू झाडणाऱ्या झडपेचा वारस

मी, वय अडुसष्ट, पंपांच्या कारखान्यातली एकेकाळची इंजिनियर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला दोघे आले होते. बिस्किटं संपवून परत गेले. सर्वांची पूर्ण नावं आणि पत्ते वकिलांनी सोबतच्या यादीत दिले आहेत. इथे मी ज्याला जसं ओळखते तसंच लिहिते. सगळ्यांचे डोळे पाचव्या कलमावर, म्हणजे माझ्या पेटंटवर आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आधीची चार निमूटपणे वाचावीत.

१. राहता फ्लॅट धाकट्या बहिणीला. आईच्या शेवटच्या आजारात ती रोज आईचे केस विंचरायची. भाऊ रोज फोनवर विचारायचा, "काय म्हणतात डॉक्टर?" ते ऐकायला जिना चढावा लागतो, हे त्याला कधी सुचलं नाही.

२. बँकेतली शिल्लकही बहिणीलाच. भावाला काही नाही. सात वर्षं तो नातेवाइकांत सांगत होता, "ताईचं ते पंपाचं खूळ आहे." पेटंट मंजूर झाल्याचं पत्र आलं, त्या संध्याकाळी गुच्छ घेऊन आला. गुच्छ माझ्या हातात देईपर्यंतही धीर नव्हता. "ताई, आता हे विकायचं कोणाला?" फुलं तिसऱ्या दिवशी सुकली. प्रश्न अजून ताजा आहे.

३. माझी कंपासपेटी भाचीला. मी कॉन्व्हेंटमध्ये सातवीत असताना वडिलांनी आणली होती. भूमितीच्या सिस्टर पेन्सिलीचं टोक स्वतःच्या बोटावर टोचून पाहायच्या. टोचलं तरच आकृती काढायची परवानगी. आतल्या निळ्या मखमलीला अजून त्या वर्गाचा वास येतो. भाचीने तिच्यात कानातली ठेवू नयेत.

४. कारखान्याच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची माझी प्रत तिथल्या मॅनेजरला. त्याला आम्ही फीतसाहेब म्हणायचो, कारण कात्री आणि फीत दिसली की हा सर्वांत पुढे. प्रत पान एकोणीसवर उघडून द्यावी.

विहिरीतल्या पंपाच्या तळाशी एक झडप असते. ती मिटली की वर चढलेलं पाणी खाली पडत नाही. वाळूचा कण अडकला की ती नीट मिटत नाही आणि पंप कोरडा पडतो. त्यावर मला एक गोल झाकण सुचलं. त्याचं चित्र मी विश्वासाने साहेबाच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते स्मरणिकेत स्वतःच्या फोटोखाली छापलं, आणि चार महिन्यांनी स्वतःच्याच नावाने पेटंटचा अर्ज केला. अर्जाआधी जे जगजाहीर झालं त्याला पेटंट मिळत नाही. तपासणी अधिकाऱ्याने हरकत म्हणून त्याला त्याचंच पान एकोणीस दाखवलं. "आपलंच पुस्तक आपल्याविरुद्ध कसं जातं?" असं विचारत तो ऑफिसभर हिंडला. चोराला निदान अंधाराची अक्कल असते. या गृहस्थाने चोरी छापून वाटली.

५. पेटंट. राजीनामा देऊन मी ते झाकण घेऊन कारखान्यातल्या जुन्या टर्नरकडे गेले. त्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये धातू कातायचं एक छोटं लेथ होतं. आम्ही अकरा झाकणं केली, वाळूच्या पाण्यात चालवली, अकराही अडकली. म्हणजे साहेबाने ढापलेली वस्तू चालतही नव्हती.

बारावं लेथवर चढवताना टर्नर म्हणाला, "मॅडम, घरी भांडी घासता का?"

"म्हणजे?"

"नसालच घासत. भांडं एका जागी धरून निघत नाही, फिरवत घासावं लागतं. हे बापडं नुसतं वर-खाली करतंय. याला फिरवा."

"फिरवणार कोण?"

"पाणीच की. खालून तिरक्या खाचा द्या."

त्याने तिथेच तीन खाचा पाडल्या. झाकण दर उसळीला जरासं फिरलं आणि वाळू झाडून मोकळं झालं.

पुढचं सगळं मी केलं. आकृत्या काढल्या, शोधात नवं काय ते सांगणारे दावे लिहिले. पेटंटच्या वकिलांनी माझ्या मसुद्यातला प्रत्येक 'बहुधा' खोडला. "बाई, इथे लाजायचं नाही. बहुधा म्हणणाऱ्याला कोणी हक्क देत नाही." दोनदा हरकती आल्या, दोनदा उत्तरं दिली, सुनावणीला उभी राहिले. सात वर्षं गेली. पण पहिल्याच फॉर्मवर 'खरा आणि पहिला शोधक' या ओळीत मी फक्त माझं नाव लिहिलं होतं. तिथे मी लाजले नाही.

टर्नर तेव्हा आजारी बायकोला घेऊन लेकीकडे राहायला गेला होता. तो सापडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पत्ता माझ्या वहीत होता. फीतसाहेबाला आपण काय चोरतोय ते कळलंही नव्हतं. मला कळत होतं. म्हणून वरच्या चार कलमांत मी ज्यांना नावं ठेवली, त्या सगळ्यांच्या खाली माझा नंबर आहे.

गेल्या मंगळवारी पेटंटचा कागद घेऊन टर्नरकडे गेले. त्याने चष्मा लावून सगळा कागद वाचला.

"वाळू अडकत नाही ना अजून?"

"नाही."

"बरं." मग कागदाची घडी घालत म्हणाला, "सरकारदरबारी सात वर्षं खेटे घातलेत मॅडम. माझ्या घरी यायला मात्र बारा लागली."

 

पेटंट आणखी आठ वर्षं चालेल. माझ्यामागे ते संपूर्ण टर्नरला, आणि तो नसल्यास त्याच्या लेकीला मिळावं. त्याचं नाव शोधक म्हणून माझ्या नावाच्या आधी लावण्याचा अर्ज मी आज सकाळी स्वतः जाऊन दिला. वकील म्हणाले, "मंजूर होईल याची खात्री नाही, आणि तुमची शोभा होईल ती वेगळी." होऊ दे. मेल्यावर खरं बोलायची काही किंमत पडत नाही, म्हणून जिवंतपणी दिला.

वर लिहिलेलं सर्व वाचून, समजून सही केली.
स्थळ: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल. दिनांक: चौदा मार्च.

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. (बाई शुद्धीत आहेत. रक्तदाब तपासला आहे.)

साक्षीदार दुसरे: पेटंटचे वकील. (पाचवं कलम सौम्य करा असं दोनदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.)