चौदा नंबरची वायर

सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

परत चौदा नंबर! बाकीच्या मशिनी गुमान बसल्यात अन् ही एकटी बोंबलून राहिली — वायर निघाली, वायर निघाली! खाली कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बघते तर वायर खरंच निघालेली. शेजारी फिजिक्सचे सुदर्शन सर, लॅबमध्ये पोरांवर लक्ष ठेवायला बसतात ते. चेहरा असा, जसे आत्ताच देवळातून आलेत. "मॅडम, नेट गेलं हो." नेट गेलं म्हणे! नेटाला काय पाय फुटले? वायर बसवली, जिना चढून परत वर माझ्या खोलीत.

माझं काम काय, तर ऑनलाइन टेस्ट चालू असताना एखाद्या पोरानं वायर काढून मोबाइलचं नेट जोडलं की त्याच क्षणी मला कळलं पाहिजे. गेल्या टेस्टला एका पठ्ठ्यानं तसंच केलं आणि पहिला आला! चौकात बॅनर लागला त्याचा, फेट्यासकट. मग खरं कळलं. आप्पासाहेबांनी — क्लासचे मालक — बॅनर गुपचूप उतरवला, अन् मला म्हणाले, "अपूर्वा मॅडम, यावर काहीतरी करा."

केलं की! पण रविवारी बावीस तारखेला मोठी टेस्ट आहे, पालक बघायला येणार. आज आप्पासाहेब म्हणाले, "एक जरी खोटी बोंब झाली ना, तर पुण्याहून रेडीमेड आणतो. तुम्ही खाली अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसा." इकडं मी बाबांना सांगून बसलेय की लातूरच्या क्लासला माझं स्वतःचं सॉफ्टवेअर चालतं. बाबांनी ते अख्ख्या मुखेडला सांगितलंय, बाजाराच्या दिवशी. आता फॉर्म वाटत बसले तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई.

मंगळवार, १०

आधी काय करत होते — दर पाच सेकंदाला प्रत्येक मशिनीला विचारत होते, नेट आहे का? आहे का? आहे का? जुन्या मशिनी बेजार झाल्या, टेस्टचं पान उघडेना. मग अक्कल आली. विचारायचं न्हाई. नेटमध्ये काही बदललं तर तू सांग, मी ऐकते!

पण सांगण्याची तऱ्हा तिघांची तीन! विंडोज वायर एकदा निघाली तर तीनदा सांगतं, वर मीठमसाला लावून. लिनक्स एकदाच पुटपुटतं, ऐकलं तर ऐकलं, नाहीतर गेलं. अन् मॅक एकच आहे, आप्पासाहेबांच्या लेकाचं, गंधारचं. झाकण लावलं की ते झोपतं, अन् उघडलं की झोपेतून उठल्या उठल्या ओरडतं — नेट गेलं, नेट आलं! तिघांचं ऐकून एकच खरी गोष्ट काढायची. भाऊबंदकीत पंच म्हणून बसल्यासारखं झालंय.

बुधवार, ११

चौदा नंबर. चहाच्या वेळेला. "मॅडम, नेट गेलं हो."

शुक्रवार, १३

सकाळी फजिती. घरमालकीण तारामती काकू त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपापासून पलंगाशेजारी स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवतात. जमीन हलली की पडतील, जाग येईल. सव्वीस वर्षं झाली, रोज निजायच्या आधी रचणं चालू आहे. आज मांजरानं शेपूट लावलं. धडाड् धड्! काकू "भूकंप! भूकंप!" करत अंगणात, मी तोंडात ब्रश घेऊन त्यांच्या मागं, अन् समोरचे शेषेराव मामा दाढी अर्धी टाकून रस्त्यावर. मांजर तेवढं आत. दूध पिऊन राहिलं होतं.

आवाज मात्र काय खणखणीत! लॅबमध्ये माझ्या सॉफ्टवेअरची 'पी पी' कुणाला ऐकूच जात न्हाई, पंखेच एवढे करकरतात. काकूंना परत पेले पाडायला लावले अन् मोबाइलवर आवाज भरून घेतला. "येडी का खुळी गं तू?" म्हणाल्या, पण पाडले.

दुपारी सात नंबर ओरडलं — नवीन नेट आलं! धरला चोर म्हणून पळत गेले, तर केमिस्ट्रीच्या मॅडमनी चार्जिंगला फोन लावलेला. फोनचं नेट वाटायचं बटण चालूच. मशिनीला वाटलं पाहुणे आले.

सोमवार, १६

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

नवीन आवाज लॅबच्या मोठ्या स्पीकरला जोडला. चहाच्या वेळेला चौदा नंबरची वायर निघाली, अन् स्पीकरमधून काकूंचे पेले पडले — धडाड् धड् खण्! चाळिशीच्या वरचं झाडून सगळं माणूस बाहेर! आप्पासाहेब सगळ्यांच्या पुढं, एका पायात चप्पल. गणिताचे सर हातात डस्टर घेऊन. शिपाई दगडोबा तर चहाच्या किटलीसकट पळाला, एक थेंब सांडला न्हाई. तरणे त्यांच्या मागं, का पळतोय ते न विचारता. पोरं तेवढी जागेवर बसलेली. एक पोरगी म्हणते, "सुट्टी झाली का?" भूकंपानंतर जन्मलेली ती. तिला काय ठाऊक, भूकंपानंतर घरोघरी असेच पेले रचून निजायचे ते!

सुदर्शन सर पण जागेवर. मला म्हणाले, "भूकंप न्हाई हो, वायर हाय." म्हणलं, बरं ओळखलं!

बाहेर लिंबाखाली आप्पासाहेब उभे, इमारतीकडं बघत. किल्लारीकडचं गाव त्यांचं. कुणी हसलं न्हाई. मला लई वाईट वाटलं, रडूच आलं. दगडोबानं चप्पल आणून दिली, ती पायात घालत एवढंच म्हणाले, "मॅडम, आवाज बदला."

बदलला. शाळेची घंटा लावली, तर पोरं दप्तरं उचलून घरी निघाली. शेवटी कोंबडा ठेवलाय.

मंगळवार, १७

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन, जिलबी, क्लासला सुट्टी. चौदा नंबर दिवसभर गप! सुट्टीच्या दिवशी बरी शहाणी होते.

बुधवार, १८

कोंबडा आरवला. चौदा नंबर. आज मी इरेला पेटले. वायर बदलली. वर माझ्या खोलीत सगळ्या वायरींची पेटी आहे, तिच्यातलं भोक बदललं. विंडोजची मशीन उचलून तिथं लिनक्सची ठेवली. घंटाभरात परत कोंबडा! अगं माय! विंडोज असो, लिनक्स असो, त्या खुर्चीपाशी वायर निघतेच. माझं सॉफ्टवेअर खोटं बोलत न्हाई, वायर खरंच निघते — पण आप्पासाहेबांना त्याचं काय? त्यांना कोंबडा ऐकू येतो. आज जिन्यात थांबून म्हणाले, "चार दिवस राहिले, मॅडम."

सुदर्शन सर म्हणाले, "चहा घेता का?" म्हणलं, चहा गेला खड्ड्यात! बिचारे एकटेच चहाला गेले. उमरीकडचे आहेत, साधे आहेत. उगं डाफरले.

गुरुवार, १९

उंदीर असणार! दुसरं काय? काकूंचे दोन पेले मागून आणले. चौदा नंबरच्या मागं, वायर जिथं मशिनीत जाते तिथं, वायरीवरच एकावर एक उपडे ठेवले. वायर हलली की पडणार. पेल्यांवर नाव कोरलंय, 'चि. सौ. कां. तारामतीस मामाकडून'. दोन्ही नावं भिंतीकडं केली. पोरांनी वाचलं तर माझं नावच तारामती पडायचं.

शुक्रवार, २०

कोंबडा! जिना तीन उड्यांत उतरले. वायर निघालेली. अन् पेले? उभे! एकावर एक, जसेच्या तसे. खाली बसून नीट बघितलं. 'चि. सौ. कां. तारामतीस मामाकडून' — वाचता आलं मला! नाव माझ्याकडं तोंड करून.

भूकंप पेले पाडतो. उंदीर पाडतो. मांजर तर पाडतंच. पण पेले अल्लद उतरवून, वायर काढून, परत रचून कोण ठेवतं?

वर बघितलं. सुदर्शन सर पंख्याकडं बघून राहिले होते. पंखा बंद होता.

"सर, हे तुम्ही?"

"न्हाई. म्हणजे... हाव."

"का पण?"

कान लाल. "तुम्ही वर बसता. खाली येतच न्हाई. वायर निघाली की येता."

मला आधी कळलंच न्हाई काय बोलून राहिले. मग कळलं, अन् असा संताप आला! "माझं सॉफ्टवेअर जाऊन राहिलं, मी अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसून राहिले, अन् तुम्हाला हे सुचलं? सरळ जिना चढून येता येत न्हाई? पायाला मेंदी लावलीय?" त्यांना त्या टेबलाचं ठाऊकच नव्हतं. पांढरेफटक पडले. "आई शप्पथ, मला कुणी सांगितलंच न्हाई. मी आप्पासाहेबांना आत्ता जाऊन सांगतो, माझीच चूक हाय." म्हणलं, खबरदार! काय सांगणार? अख्ख्या लातुरात माझा बॅनर लावायचाय का? "रविवारी त्या वायरीला बोट जरी लावलं ना, तर बोटच तोडीन!" केमिस्ट्रीच्या मॅडम दारात येऊन ऐकत होत्या, त्या हळूच परत गेल्या.

रागानं जेवण गेलं न्हाई. दोनच भाकरी खाल्ल्या.

रविवार, २२

झालं!! अख्खी टेस्ट पार पडली. विंडोज, लिनक्स, गंधारचं मॅकसुद्धा — सगळे गुण्यागोविंदानं. कोंबडा एकदाच आरवला, अन् तो खरा. एकतीस नंबर, वायर काढली, मोबाइलचं नेट जोडलं. पळत जाऊन धरला. कोण? तोच, फेटेवाला!

आप्पासाहेब पालकांसमोर म्हणाले, "हे आमच्या मॅडमनी इथंच बनवलंय." पुण्याचं रद्द! बाबांना फोन केला. म्हणाले, "मला माहीतच होतं, मी आधीच सगळ्यांना सांगितलंय."

सुदर्शन सर पूर्ण तीन तास दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते. नाकावर माशी बसली तरी हात हलवला न्हाई.

सोमवार, २३

चौदा नंबर गप. छान. शांतता.

मंगळवार, २४

चौदा नंबर गप. सॉफ्टवेअर बिघडलं की काय म्हणून दोनदा तपासलं. बिघडलेलं न्हाई. चहाच्या वेळेला जिन्यात पाय वाजले. उठून केस सारखे केले. दगडोबा होता. सर काही वर आले न्हाईत. भित्रे कुठले! मीच बोट तोडायचं बोलले म्हणा. जिभेला हाड न्हाई माझ्या.

बुधवार, २५

चहाच्या वेळेला पेटी उघडली अन् चौदा नंबरची वायर मीच काढली. खाली कोंबडा आरवला. सावकाश जिना उतरून गेले. सर दोन्ही हात वर करून उभे. "मॅडम, आईची आण, मी न्हाई काढली!"

"माहीत आहे," म्हणलं. "चहा घेता का?"