गाऱ्हाणे मान्य झाल्याने गावास अन्यत्र जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, मालवण.

विषय: मौजे खाजणवाडीतील उर्वरित ग्रामस्थांना गावाबाहेर जागा मिळणेबाबत.
संदर्भ: गेल्या जत्रेत देवास घातलेले गाऱ्हाणे.

महोदय,

देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालणे हे माझे पिढीजात काम. गेल्या जत्रेत मी राखणदाराला सांगितले, “जो कोण आमच्या गावाची नासाडी करता आसात, तेका पुढच्या जत्रेआदी शीवेभायर काढ रे महाराजा!” ३१२ ग्रामस्थ एकमुखाने “होय महाराजा!” म्हणाले. दरवर्षीच म्हणतात. देव मनावर घेईल अशी कोणासही कल्पना नव्हती.

आठ दिवसांत, खाडीतली वाळू उपसणाऱ्या निलेश यांची विहीर खारट झाली. ते कणकवलीस गेले. पावसात सुशांत यांच्या बंगल्यात, बंगल्यासाठी कापलेला डोंगरच मुक्कामाला आला. ते सावंतवाडीस सासुरवाडीत आहेत. तोवर आम्ही ‘देव जागृत आहे’ म्हणून पेढे वाटत होतो.

मग बाबली गुरवांनी देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावला, आणखी कोण? एकेका घराचे नाव घेतले, प्रत्येकाची पाकळी उजवी, म्हणजे होकाराची, पडली. शर्मिला यांनी हरकत घेतली की त्या कचऱ्याच्या पिशव्या खाडीत टाकतात खऱ्या, पण ओहोटी पाहूनच. माझी पाकळी तर विचारण्याआधीच पडली. घरामागचा कातळाचा सडा मी चिरेखाणीला दिला, हे मला मान्य आहे. निर्दोष ठरली ती केवळ गुरवांची म्हैस. पण तिच्या पोटात आमच्याच पिशव्या असल्याने ती उठत नाही.

शेजारच्या गावाकडे आसरा मागितला. त्यांनी तातडीने जादा गाऱ्हाणे घालून आपली शीव बांधून घेतली. पुनर्वसनाच्या अर्जात ‘कशामुळे बाधित’ असा रकाना आहे. तेथे ‘आम्ही’ असे लिहिल्यास चालेल काय, ते कळवावे.

साहेब, माझा पाय गावातून निघत नाही. गुरव म्हणाले, “शबूद बदला ओ सहदेवानू, देव आयकता.” म्हणून काल रविवारी सर्वांना जमवून मी नवे गाऱ्हाणे घातले, “जी काय नासाडी आमी करतंव, ती आजपासून सोडूची बुद्धी आमका दे रे महाराजा!”

देऊळ भरलेले होते. ‘होय’ कोणीच म्हटले नाही. शर्मिला चपला शोधू लागल्या.

सबब, येत्या जत्रेपूर्वी आम्हास दुसरी जागा मिळावी. शक्यतो खाडीत वाळू व डोंगरात चिरा शिल्लक असलेली असावी, ही विनंती.

आपला नम्र, व तूर्तास गावातच असलेला,
सहदेव परब
मानकरी, खाजणवाडी
दि. २१/०७/२०२५

सोबत: १) जुन्या गाऱ्हाण्यास ‘होय’ म्हणणाऱ्यांच्या सह्या, ३१२.
२) नव्या गाऱ्हाण्यास ‘होय’ म्हणणाऱ्यांच्या सह्यांचा कागद, कोरा.