बोळम्माला न्यायला आलेली जीप

म्हैसूर,
गणपती बोळवल्यानंतरचा सोमवार

प्रिय ईश्वरी,

तू पाठवलेली जीप सकाळीच आली. आपल्या गल्लीत ती अशी आडवी लागली आहे की समोरच्या वासुदेवरावांची स्कूटर आत अडकली, आणि त्यांनी सगळी गल्ली डोक्यावर घेतली. आणखी काही बोलायच्या आत मी त्यांना घरात पिटाळलं. चौघं आले आहेत, गाडी सुदीपने आणली. मागच्या दोन बाकांच्या मधे त्यांनी बांबूची बाज बसवली आहे, तिच्यावर घोंगडी अंथरली आहे, ऊन लागू नये म्हणून वर साडीचं छत बांधलं आहे. बोळम्माला झोपवून घरी न्यायची ही सगळी तयारी बघून मला भरून आलं. सुदीपने उंबऱ्यातूनच विचारलं, "अव्वा एल्ली, अक्का?" मी म्हटलं, अव्वा कुठे म्हणजे काय, कुठे पळून जाते आहे का, बसा, दमून आलात, आधी इडली खा, तोवर मी ईश्वरीला चार ओळी लिहिते. चार ओळींवर मी कधी थांबले आहे? बसू देत त्यांना. जंगलाच्या फाटकाशी इतके दिवस ठाण मांडून बसलात तुम्ही सगळे, माझ्या ओसरीत थोडा वेळ बसायला काय जातं.

ईश्वरी लिहिलं म्हणून नाक मुरडू नकोस. हाडीवर, म्हणजे जंगलाच्या कडेच्या त्या पाच-पंचवीस झोपड्यांत, गेल्यापासून तू दुसरंच नाव लावतेस हे मला वर्तमानपत्रातून कळलं. जन्मल्यावर ठेवलेलं नाव आहे म्हणे. असेल. पण शाळेत तुझं नाव मी घातलं ते ईश्वरी. विठोबाच्या देवळात सगळ्यांपुढे उभं राहून तू पहिला अभंग म्हटलास तो ईश्वरी म्हणून. मी हाक मारली आणि तू ओ दिलीस, तीही याच नावाला. त्या दुसऱ्या नावाच्या मुलीशी माझी ओळख नाही, मग तिला पत्र कशाला लिहू?

वर्तमानपत्रातला फोटो मात्र चांगला आला होता. मागे वनखात्याचं लोखंडी फाटक, पुढे तू, केस न विंचरलेले, हातात पाटी. पाटीवरचं वासुदेवरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं. आमचं जंगल, आमची ग्रामसभा, आम्ही ठरवू. मग मला म्हणाले, "एन तारक्का, काय ठरवणार हो ही? वाघाने कुठे बसायचं ते?" मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. साहेबाने नकाशावर रेघ मारली, राजाच्या माणसांनी ती राखली, आणि मग आपल्याच सरकारने त्या रेघेवर कुंपण घालून बोळम्माच्या माणसांना बाहेर हाकललं, हे सगळं तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस की माझं पाठ आहे. पण किल्ली खात्याकडे आहे, मग फाटक तुमचं कसं? एवढी शिकलेली मुलगी, आणि तुला हे कळू नये याचं मला नवल वाटायचं.

आणि पेपरवाल्यांना तू सांगतेस ते वाचून तर हसावं की रडावं कळेना. लहानपणी मला "नेलं", म्हणतेस. कोणी नेलं? दसऱ्याच्या हत्तींबरोबर माहूत-कावाड्यांची बिऱ्हाडं राजवाड्याच्या आवारात येऊन राहतात, त्यांचे गणवेश आपलं दुकान शिवतं, आणि मापं घ्यायला ह्यांच्याबरोबर, म्हणजे तुझ्या इथल्या बाबांबरोबर, मी जायचे. तुझा जन्मदाता बाप कावाडी, हत्तीचा चारापाणी बघणारा. त्या वर्षी तो हत्तीच्याच पायाखाली गेला. बोळम्माच्या कडेवर तू, नाकाला शेंबूड, केसांचा गुंता, आणि मला बघून हसलीस. माझी कूस रिकामी होती. मी म्हटलं, दे माझ्याकडे, शिकवून मोठी करते. ती काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही, म्हणून मी समजले की तिची हरकत नाही. पुढे दर दसऱ्याला ती दुकानासमोर येऊन उभी राहायची. तेव्हा तुला मी आत पिटाळायचे, अभ्यास कर म्हणून. तिला मात्र कधी रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही, माझी एखादी वापरलेली साडी नेहमी दिली. कोण ती, असं तू विचारलंस की मी म्हणायचे, माहुतांच्यातली आहे कोणी. लहान जिवाला दोन आया कशा समजावून सांगायच्या?

तेव्हापासूनच तू विचित्र होतीस म्हणा. दुकानातला काकनकोटेच्या खेद्द्याचा, हत्ती धरण्याचा, फोटो आठवतो ना? जंगली हत्ती हाकत हाकत नदीत आणायचे आणि मोठ्या कुंपणात कोंडायचे, ते बघायला साहेब लोक यायचे. त्यांचे कोट आपल्या आजोबांच्या वडिलांनी शिवले, म्हणून तो फोटो आपल्याकडे. खाली साहेबांची नावं आहेत, त्यांच्या मडमांची आहेत, पाळलेल्या हत्तिणींचीही आहेत. पाण्यात छातीपर्यंत उभी राहिलेली माणसं कोण, असं तू शाळेत असताना विचारलंस. मी म्हटलं, हाकारे. त्यांची नावं काय? मी म्हटलं, हाकारे म्हणजे हाकारे, त्यांना कसली नावं. तू ताटावरून उठलीस. कधीच्या काळच्या माणसांपायी गरम भात टाकून उठणं मला आजही समजलेलं नाही. परवापरवा बोळम्मालाही मी तो फोटो दाखवला. काचेवर एका माणसाच्या तोंडावर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. काचेला डाग पडला, तो मी पदराने पुसून टाकला.

तू तिला माझ्याकडे आणून सोडलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. पिरियापट्टणच्या तंबाखूच्या भट्ट्यांत उमेदीची वर्षं गेलेली, छातीचा नुसता पिंजरा उरलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि जंगलातल्या जुन्या हाडीवर न्यायचं तर फाटक बंद. तू माझ्या पायाशी बसलीस आणि म्हणालीस, फाटक उघडलं की मी तिला नेते, तोवर सांभाळ. आणि त्याआधी काही झालं तर कशालाही हात लावू नकोस, आम्ही येऊ. जुन्या हाडीवर तिच्या आईबापाशेजारी, नवऱ्याशेजारी तिला पुरायचं आहे, म्हणालीस. बाहेर काढल्यापासून खात्याने तिथे एकालाही पुरू दिलेलं नाही, ही पहिली ठरेल. कोणाला कुठे ठेवलं आहे ते आता तिला एकटीलाच ठाऊक, आणि तुम्ही इथलेच कशावरून, असं खात्याने विचारलं की तीच ती जागा दाखवणार. सगळं नीट ऐकून घेतलं मी. त्यातला शब्दही विसरले नाही.

आणि सांभाळलं, ईश्वरी. खाटेवर तिला झोप येईना, तर मागच्या दारी शेवग्याखाली चटई टाकून दिली. रोज नाचणीचे मऊ रागीमुद्दे केले. पाठीला तेल लावलं. तिला ब्लाऊज घालायची सवय नव्हती, खांद्यावर साडीची गाठ मारायची, आणि येणारी-जाणारी बघायची तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिचं माप घेतलं आणि हिरव्या कापडाचा एक ब्लाऊज शिवला. तिने तो उलटा-सुलटा करून बघितला, शिलाई चांगली आहे म्हणाली, आणि घडी घालून उशाशी ठेवून दिला. तू कोणावर गेली आहेस ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुपारी आम्ही दोघी बोलत बसायचो. ती तुझ्या जन्माचं सांगायची, मी तुझ्या गोवराचं, सायकलवरून पडलीस त्याचं, दहावीच्या निकालाचं. सांगायला माझ्याकडे पुष्कळ जास्त होतं. ती नुसती ऐकायची आणि हसायची. पण तुझा फोन आला की मी तो तिच्या कानाला लावायचे, आणि आतून तुझा आवाज यायचा, "अव्वा". तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकलेला नव्हता. मला आई म्हणताना तुझा आवाज तसा कधी झाला नाही. मी ताप काढले, वेण्या घातल्या, फिया भरल्या, रात्री पाय चेपले, आणि तो आवाज तिला, फुटपाथवर उभं राहण्याबद्दल. मला फार लागलं ते. लिहितानाही लागतं आहे.

मग शनिवारी तू फाटकापासून फोन केलास. मागे ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती, तुला धड बोलता येत नव्हतं. फाटक उघडलं, आई! खात्याने मान्य केलं, अव्वाला घरी आणायला गाडी पाठवते! त्या दिवशी माझ्यासाठीसुद्धा तुझा आवाज गोड झाला होता. अव्वाला फोन दे म्हणालीस. मी म्हटलं, झोपली आहे, उठवत नाही. तेव्हा मी आणि बाबा टी. नरसीपूरच्या संगमावरून नुकतेच परत आलो होतो, आणि माझ्या साडीचे काठ अजून ओले होते.

गुरुवारी दुपारी गेली ती. फार हाल झाले नाहीत. आदल्या दिवसापासून माझा हात धरून एकच घोकत होती, "मण्णिगे, अक्का, मण्णिगे." मातीत, मातीत. मला कन्नड माझ्या मराठीइतकंच येतं, तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या घरातून गेलेलं माणूस खड्ड्यात टाकायचं? तोंडात गंगेचं पाणी घातलं, तुळस ठेवली. न्हाऊमाखू घातलं. तो हिरवा ब्लाऊज शेवटी मीच तिच्या अंगात चढवला, आणि मापात अगदी चपखल बसला. देवळातली भजनी मंडळी आली, टाळ वाजले. अग्नी बाबांनी दिला, तिचा भाऊ म्हणून. अस्थी संगमावर सोडल्या. कपिला तुमच्याच जंगलाकडून वाहत येते ना? म्हणजे पाणी तिच्या गावचंच मिळालं. सख्ख्या बहिणीसाठी केलं नसतं एवढं मी केलं. वासुदेवराव म्हणाले, तारक्का, तुम्ही त्या बाईचं सोनं केलंत.

तू म्हणशील, थांबली का नाहीस, निरोप का नाही पाठवलास. पाठवला असता तर तू फाटकावरून उठून धावत आली असतीस, तिला घेऊन गेली असतीस, तिच्या माणसांशेजारी ठेवलं असतंस, आणि मग त्या मातीपासून तुला कोणी हलवू शकलं नसतं. मला तू परत हवी होतीस. कुठे पुरायचं, कुठे राहायचं, सगळं आम्ही ठरवू म्हणत होतात तुम्ही. यावेळी मी ठरवलं.

हे पत्र एवढ्यासाठी की आता तू घरी ये. जागा दाखवणारी गेली, आणि तिची स्वतःची जी जागा व्हायची तीही पाण्याबरोबर गेली. उद्या खात्याचा माणूस कुणाचं कोण इथे आहे असं विचारेल तेव्हा बोट कुठे दाखवशील? माडीवरची खोली झाडून ठेवली आहे, तुझ्या मशीनला तेल घातलं आहे, दसऱ्याचे गणवेश अर्धे व्हायचे आहेत. तिची पानसुपारीची पिशवी सोबत देते. स्वच्छ धुतली आहे, तुटलेला बंद काढून नवा लावला आहे. तुम्ही लोक ती माणसाबरोबरच ठेवता ना? सुदीपने आता बाज गाडीतून काढून ओसरीत आणली आहे, आणि घोंगडीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत बसला आहे. त्यांना मी अजून काहीही सांगितलेलं नाही. पत्र घेऊन जा, सगळं त्यात लिहिलं आहे, एवढंच सांगेन. चौघांपैकी एकालाही मराठी वाचता येत नाही. तेव्हा तूच वाच, आणि तूच सांग त्यांना.

तुझीच,
एकुलती एक
आई