तुमचं नंतर बोलू

३ जून
फौजेत दाखल झालो. वजन, उंची, छाती, रक्तगट. न्हाव्याने विचारलं, कसे कापू? मी सांगायला सुरुवात केली तोवर कापून झाले होते.
मागे गेट बंद झालं. बाहेरून पाहिलं तेव्हा ते एवढं उंच नव्हतं. करार बऱ्याच वर्षांचा आहे म्हणतात. सही करताना वाचला नाही, मागे रांग होती.
संकल्प : बाकीची पोरं ढकलतील तिकडे जातील. मी करिअर विचारपूर्वक निवडणार. प्रशिक्षण संपलं की प्रत्येकाची पसंती विचारतात. माझी ठरली आहे. पहिली पसंती पॅराशूट, दुसरी रणगाडा, तिसरी सिग्नल. शेजारच्या खाटेवर एकजण आहे, पूर्वी गवंडी होता. त्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला की प्रोफेसर, आधी दुसरी खाट निवड, तुझ्या खाटेचा एक पाय विटेवर आहे.
इतिहासात बी. ए. आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावरून कळत असावं.

८ जून, रविवार
घरी फोन. रविवारी प्रत्येकाला थोडा वेळ मिळतो, मागे लोक खाकरत उभे असतात. आईला म्हटलं, पॅराशूट. ती म्हणाली, अगंबाई, म्हणजे वरून उडी? मग फोनवर हात न ठेवताच तिने ही बातमी तळमजल्याच्या काकूंना दिली. बाबा शाळेची बस चालवतात, ते फोनवर येत नाहीत. लांबून म्हणाले, त्याला विचार, बनियन धुतोस का म्हणावं. मामा तिथेच होता. मामा फौजेच्या स्टोअरमधून रिटायर झाला, आयुष्यभर ब्लँकेटं मोजली. त्याचा सल्ला : स्टोअरमध्ये जा, जन्मभर बूट नवे मिळतात. माणसाची झेप ब्लँकेटापलीकडे जात नाही, दुसरं काय.
बी. ए. नंतर तीन वर्षं मी घरी होतो. जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, काय, सध्या काय? आता विचारा म्हणावं.

१४ जून
ड्रिल सुरू. आज ड्रिल-मास्तरने अख्खी तुकडी थांबवली आणि मला एकट्याला चालायला लावलं. मग दुसऱ्या दोन मास्तरांना हाक मारून बोलावलं. मी पुन्हा चाललो. तिघंही बराच वेळ बघत राहिले. ड्रिल-मास्तर म्हणाला की नोकरीत केस पांढरे झाले पण असं चालताना कुणाला पाहिलं नाही.
पहिल्याच महिन्यात अशी दखल!

१५ जून
गवंड्याने खुलासा केला. मी डावा पाय टाकतो तेव्हा डावाच हात पुढे जातो. उजव्याबरोबर उजवा. तो म्हणतो, दाराची फळी चालल्यासारखी दिसते. त्याने करूनही दाखवलं. बराक हसली. मीही हसलो, खिलाडूपणा हवा.
मुळात विरुद्ध हात हलवणं हाच कृत्रिम प्रकार आहे. तरी शिकून घेईन. दोन दिवसांचं काम.

२ जुलै
ड्रिल-मास्तर मला रोज पहाटे जादा तास देतो. एकट्याला. बाकीचे झोपलेले असतात. आज त्याने स्वतःच्या हाताने माझ्या उजव्या मनगटाला आणि डाव्या पायाला लाल चिंधी बांधली, उरलेल्या हातापायाला पिवळी. लाल लाल एकदम, पिवळी पिवळी एकदम. मी म्हटलं, कल्पना चांगली आहे. तो म्हणाला, कल्पनेला काय झालंय?
चारही चिंध्या एकदम हलल्या. कशा, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

१९ जुलै
उडीचा मनोरा. खाली जाळी असते, कमरेला दोर असतो, भिण्यासारखं काही नाही. वर चढलो. परिसराचा आढावा घेतला. आढावा घेताना कठडा धरावा लागतो. धरला. सोडायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पॅराशूटवाल्यांचं काम फार थोडं असतं, उडी मारली की संपलं. माझ्यासारख्याने तिथे बुद्धी वाया का घालवावी? हा विचार पूर्ण होईपर्यंत मी वरच होतो. जेवणाची वेळ टळली. गवंडी वर आला आणि एकेक बोट सोडवलं.
पॅराशूट विचारांती रद्द. आता पहिली पसंती रणगाडा.

९ ऑगस्ट
रणगाडा आतून बघायला मिळाला. बाहेरून केवढा, आत मात्र कपाटाएवढी जागा. झाकण लावल्यावर मी आतून ठोठावलं. पत्र्याची जाडी तपासत होतो. गवंडी म्हणतो की ‘आई’ असं स्पष्ट ऐकू आलं. पत्रा पातळ असणार.
रणगाडा रद्द.

१० ऑगस्ट, रविवार
आईला अजून रणगाड्याचं सांगितलं नाही. तिकडे अजून पॅराशूटच चालू आहे. जिन्यात आता लोक बाबांना आधी नमस्कार करतात म्हणाली. पॅराशूटचं सांगायला लागलो, तेवढ्यात मागचा खाकरला.

२३ ऑगस्ट
सिग्नलची चाचणी. कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकायची आणि काय आलं ते सांगायचं. टिकटिक फार मधुर असते. उठवलं तेव्हा चाचणी संपली होती. माझा दोष नाही, पहाटेचा जादा तास कुणाला सहन होतो?

६ सप्टेंबर
गवंड्याने एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. मी जेवायला जाताना बरोबर चालतो. विरुद्ध हात, विरुद्ध पाय, अगदी चित्रातल्यासारखा. हुकूम ऐकला की बिघडतं. त्याने प्रयोग केला. मी आंघोळीला निघालो होतो, तो मागून ओरडला, आगे चल! तिथेच माझी फळी झाली. बादलीसकट.
तो हसला नाही यावेळी. म्हणाला की प्रोफेसर, हे जरा मनावर घे, परेडमध्ये पास नाही झालं तर पुढे सोडत नाहीत. मी म्हटलं, फौजेला डोकं हवं असतं. तो म्हणाला, हवं असतं, पण ते पायांवर चालत यावं लागतं.

१ नोव्हेंबर
आज शाखा जाहीर झाल्या! सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मेजरसाहेब एकेकाचं नाव घेऊन शाखा सांगत होते. गवंड्याला इंजिनिअर्स, पूल बांधणार. त्याने माझा गुडघा दाबला. मग माझं नाव आलं. मेजरसाहेब थांबले, वर पाहिलं, ड्रिल-मास्तरकडे पाहिलं, आणि म्हणाले, तुमचं नंतर बोलू.
अख्ख्या हॉलमध्ये हे फक्त माझ्या बाबतीत.
मामाने एकदा सांगितलं होतं की गुप्तचर खात्यात घेतात त्यांचं नाव चारचौघांत वाचत नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार
आईला इतकंच म्हटलं, कुठली शाखा ते सांगता येत नाही. ती म्हणाली, सांगता येत नाही म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे सांगता येत नाही. मग ती फोनवर कुजबुजत बोलायला लागली. जेवलास का हेसुद्धा कुजबुजत.

९ नोव्हेंबर
गवंडी गेला. ट्रंक खांद्यावर घेऊन गेटपर्यंत. मी गेटच्या आतल्या बाजूला. माझ्या खाटेखालची वीट काढून त्याने नवी, नीट बसणारी बसवून दिली आहे. जाताना म्हणाला की घरी खरं काय ते सांगून टाक रे बाबा. मी नुसता हसलो. त्याला काय सांगणार? गुप्त म्हणजे गुप्त.
बराक रिकामी. बोललं की आवाज परत येतो.

२० नोव्हेंबर
माझ्यावर नजर आहे. संयमाची परीक्षा चालली आहे. मला परेडचं मैदान झाडायचं काम दिलंय, म्हणजे सगळीकडे वावरता येतं आणि कुणाला शंका येत नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवतो. आज एक कुत्रा दोनदा आला. पहाटेचा तास चालूच आहे. ड्रिल-मास्तर आता ओरडत नाही, शेजारून चालतो, आमच्या बाबांसारखा हळू आवाजात म्हणतो, विचार करू नकोस, बाळा, नुसता चाल. मी विचार न करण्याचा खूप विचार करतो.

५ डिसेंबर, दुपार
मेजरसाहेबांनी बोलावलं. शेवटी! बूट दोनदा पॉलिश केले. दार लावून घेतलं मी स्वतःच.
म्हणाले, बसा. गुप्तचर खात्याचा विषय निघाला नाही. निघेल म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले की तुम्ही वाईट मुलगा नाही, पण परेडमध्ये नापास आहात, आणि परेड पास झाल्याशिवाय कुठलीच शाखा देता येत नाही. आता दोनच मार्ग. एक, नव्या बॅचबरोबर पहिल्या दिवसापासून पुन्हा सगळं. दोन, घरी. मी कराराचं विचारलं. ते म्हणाले की पास होण्याआधी तो कुणालाच बांधत नाही, तुम्ही वाचला नाहीत का? संध्याकाळपर्यंत काय ते सांगा.
म्हणजे गेट इतके दिवस उघडं होतं.
तीन वेळा लिहून बघितलं : घरी जाणार. घरी जाणार. घरी जाणार. हलकं वाटतंय. हा पराभव नाही. व्यवस्थेला माझी चाल झेपली नाही, एवढंच.

५ डिसेंबर, संध्याकाळ
खास परवानगीने फोन केला. वाक्य पाठ केलं होतं : आई, मी येतोय.
फोन बाबांनी उचलला. बाबा कधी उचलत नाहीत. त्यांनी माझा आवाज ओळखला आणि आधी दार लावून आल्याचा आवाज आला. म्हणाले, हे बघ, मी काही विचारणार नाही. तुझी आई तळमजल्यापलीकडे बोलली नाही, तिला शपथ घातली आहे मी. तळमजल्याने मात्र सगळ्यांना सांगितलं. आज बसमधली पोरं मला म्हणाली, काका, तुमचा मुलगा गुप्तहेर आहे ना? मी म्हटलं, खाली बसा, हात खिडकीच्या आत. पण पूर्ण रस्ताभर मी, म्हणजे... त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, काम धोक्याचं असेल तर बोलू नकोस, नुसता खोक.
मला खरंच सर्दी आहे. मैदानात धूळ फार असते.
खोकलो.
ते म्हणाले, बरं. मग, बनियन धुतोस ना? मी हो म्हटलं. आई मागून कुजबुजली की सुट्टीला कधी येतोय विचारा. बाबा तिला म्हणाले, असं विचारायचं नसतं.
मेजरसाहेबांना जाऊन सांगितलं, पहिला मार्ग.

१२ जानेवारी
नवी बॅच आली. न्हावी म्हणाला, परत? कापले.
संध्याकाळी ड्रिल-मास्तरने सगळ्यांना ओळीत उभं करून प्रत्येकाला विचारलं, काय व्हायचंय? पॅराशूट, साहेब. पॅराशूट. रणगाडा. पॅराशूट. माझा नंबर आला. मी म्हटलं, जिथे चालावं लागत नाही असं काहीही, साहेब.
कुणी हसलं नाही, त्यांना अजून माहीत नाही. ड्रिल-मास्तरने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाला, तिथेसुद्धा चालतच जावं लागतं रे.