ओल्या थराशेजारी

२ जून
बोर्डिंगमधली एक दुपार आठवली. मी आणि धाकटी बहीण एका बाकावर बसून वहीवरची ओली शाई फुंकर घालून वाळवत होतो. सिस्टर रागावल्या; पण कामावर माया करायची सवय मला तेव्हापासूनची.

सौर सेलचे थर बिघडतायत. काच गरगर फिरवत तिच्यावर पेरोव्हस्काइट या ऊन शोषणाऱ्या स्फटिकाच्या पावडरचं द्रावण पसरायचं, मग तापवायचं. थर आरशासारखा यायला हवा. आमच्या थरांवर मधोमध पांढुरका डाग. महिनाअखेर समिती येणार. थर चांगला दिसला तरच माझ्या विद्यार्थिनीची फेलोशिप चालू राहील. दमटपणा बाधतो म्हणून खोली कोरडी ठेवलीय, तरी डाग. म्हणजे दोष पोरीच्या हाताचा. तसं बोलले. तिचा चेहरा उतरला. फार वाईट वाटलं. उद्यापासून प्रत्येक ओला थर स्वतः जवळून बघेन.

५ जून
सगळे जवळून पाहिले. सगळ्यांवर डाग. पावडर भेसळीची असणार. स्टोअरकीपरला झापलं. तो म्हणाला, बाई, त्याच बाटलीतून शेजारच्या लॅबवालेही नेतात, त्यांची तक्रार नाही. उर्मट.

९ जून
पोरीने चाचरत सुचवलं, मॅडमनी मास्क लावावा. लावला. चष्म्यावर वाफ धरली. काढून टाकला. थर दिसायला तर हवा.

१३ जून
दाढ काढली. रजा. संध्याकाळी तिचा फोन: आजचे थर सगळे लख्ख. माझं शिकवणं अखेर मुरलं तर! उगाच टोचून बोलले तिला. उद्या आवर्जून शेजारी उभी राहीन.

१४ जून
डाग. माझ्या धाकानं बिचारीचा हात चळत असेल. यापुढे आणखी मायेनं, आणखी जवळून समजवायचं.

३० जून
समितीसमोर पोरीने थर पसरला. मी वाकून पुटपुटले, छान येतोय हं. मधोमध डाग.

समितीतल्या बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमचा श्वास लागतोय त्याला. जरा बाहेर थांबता का?"

काचेआडून पाहिलं. नंतरचे सगळे आरसे. फेलोशिप चालू राहणार. मार्गदर्शक मात्र बदलायचा. पोरगी माझ्याकडे न बघता टेबल पुसत राहिली.

उद्या द्यायचं ते:
कोरड्या खोलीची किल्ली पोरीला. शोधनिबंधावर पहिलं नावही तिचंच. माझं आभारात, तेही तिला वाटलं तर.
स्टोअरकीपरला माझा माफीनामा, सगळ्यांदेखत.
नव्या सरांना निरोप: तिच्या हातात दोष शोधू नका. ते मी करून पाहिलंय.